गुरुवारचा धूर

मार्लिस हाउतालाला निवृत्त व्हायला पाच दिवस उरले होते, आणि त्या पाच दिवसांत तिने काहीएक करू नये अशी तिच्या खात्याची, नवऱ्याची आणि गुडघ्यांची एकमुखी इच्छा होती.

केंद्र सरकारच्या पोलीस खात्यात तिची एकतीस वर्षं गेली. फरारी लोकांना शोधायचं, कैद्यांची ने-आण करायची, न्यायाधीशांच्या जिवाला जपायचं, हे त्या खात्याचं काम. सत्तावन्न पूर्ण झाली की महिनाअखेरीला बिल्ला खाली ठेवायचा, असा तिथला नियम. माणूस धडधाकट आहे की खिळखिळा, हे कुणी विचारत नाही. मार्लिसची सत्तावन्न ऑक्टोबरच्या चार तारखेला भरली. त्या दिवशी गॉर्डी, म्हणजे तिचा नवरा, केक कापताना म्हणाला, "तुला आवरणं माझ्याच्याने तीस वर्षांत झालं नाही. शेवटी कायदा करावा लागला बघ."

मार्लिस मूळची आमच्याच भागातली, कॅनडाच्या सीमेलगतच्या लेहतो गावापासून चार मैलांवरची. बाप लोखंडाच्या खाणीत, घरात पाच भाऊ. खात्याच्या परीक्षेत साहेबाने विचारलं, "बाई, पळता येतं का?" ती म्हणाली, "पाच भावांच्या घरात वाढलेय मी. जेवणाच्या टेबलापर्यंत रोज पळतच जावं लागायचं." साहेब हसला आणि तिला घेतलं. नंतर तिला कळलं की पळण्यापेक्षा या नोकरीत बसण्याचंच काम जास्त. पण ते कळायला तिला एक मोठी चूक करावी लागली.

ती तिसऱ्या वर्षी केली. लेहतोतला उर्हो साल्मेला साक्षीला येत नव्हता. खाणीतल्या चोरीचा एक खटला होता, त्यात त्याचं काम दोन शब्दांचं. पण उर्होने कोर्टाची तीन समन्सं चुलीत घातली, आणि न्यायाधीशांनी पकडून आणायचा हुकूम काढला. रस्ता माहीत, आजोबांनी समुद्रापलीकडून आणलेली आमची भाषा माहीत, म्हणून मार्लिसला पाठवलं. बरोबर दोघे शिपाई, दोघेही शहरातले. जानेवारीतला शनिवार, दिवेलागणीची वेळ. उर्हो सौनात होता.

आमच्याकडे सौना शनिवारी तापतो. अंगणाच्या टोकाला लाकडी खोली, आत तापलेले दगड, दगडांवर पाणी, आणि वाफेत बसलेली माणसं. तिथे कुणी आवाज चढवत नाही. भांडण असलं तर ते टॉवेलाबरोबर बाहेरच्या खिळ्याला टांगून आत जायचं. जुन्या काळी जप्तीला आलेला अंमलदारसुद्धा बाहेरच्या बाकावर बसून राहायचा, आणि आतला माणूस निघाला की आधी कॉफी, मग जप्ती. हे मार्लिसला कुणी शिकवायची गरज नव्हती, ती त्यातच वाढली होती. पण बरोबरचे दोघे घड्याळ बघत होते. बाई आहे, नवी आहे, शिवाय यांच्यातलीच आहे, म्हणून कचरली असं ते उद्या सांगतील, या एका भीतीने तिने सौनाचं दार उघडलं.

उर्होला त्यांनी कमरेच्या टॉवेलावर, अनवाणी, बर्फातून गाडीपर्यंत नेलं. शेजारची चार घरं आपला नंबर यायची वाट बघत टॉवेल खांद्यावर टाकून वाटेत उभी होती. उर्होची बायको आयली मागून त्याचे बूट घेऊन धावली, पण गाडी निघून गेली होती. सोमवारी उर्होने वीस मिनिटं साक्ष दिली आणि तो घरी आला. एवढ्यासाठी एवढं सगळं!

खात्याने मार्लिसला तत्परतेबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. ते घेऊन ती आईकडे गेली, तर हेल्मीबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, सगळ्यांचे कप भरले आणि लेकीचा रिकामाच ठेवला. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही. मार्लिस म्हणाली, "आई, कॉफी?" आई म्हणाली, "तुझं सरकार देईल की." हा उपास ईस्टरपर्यंत चालला. नंतर आई निवळली, लेहतो निवळलं नाही. दुकानात लोक बोलायचे, हवापाणी विचारायचे, पण शनिवारी एकमेकांच्या सौनाला जायची जी रीत आहे, त्यातून मार्लिसचं घर वगळलं गेलं ते गेलंच. दर शनिवारी गॉर्डी आपला सौना तापवायचा आणि नवरा-बायको दोघंच त्यात बसायची. "प्रशस्त आहे," गॉर्डी म्हणायचा. तिला काही त्याचं हसू यायचं नाही.

बाकी नोकरी तिने नाव काढण्यासारखी केली. एका न्यायाधीशाला धमक्या आल्या तेव्हा ती चार महिने त्याच्या घरी पहारा देत राहिली आणि पत्त्यांत त्याला इतकं हरवलं की धमक्या परवडल्या, असं तो म्हणाला. पुढे राजधानीत बदली झाली. तिथे बिनखिडकीच्या खोलीत पाच वर्षं तिने नियम लिहिले. तिचा एकच नियम छापून आला, नव्या लोकांना शिकवायच्या पुस्तकात: थांबता येत असेल तर थांबा. त्यावर तीन समित्या बसल्या होत्या. मग ती हट्टाने डुलुथला, आमच्या भागाच्या मुख्य शहरात, परत आली आणि हळूहळू उत्तर विभागाची प्रमुख झाली.

तिची कामाची रीत खात्यात थट्टेचा विषय होती. फरारी माणसाच्या दारावर लाथ मारण्याआधी ती त्याच्या आईला भेटायची. स्वयंपाकघरात बसायची, पुढे येईल ते खायची, आपला नंबर ठेवून उठायची. महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा, आणि माणूस स्वतःच्या पायांनी चालत यायचा. अशी शंभरावर माणसं आली. तिचं वजनही वाढलं, ते वेगळं.

एक मात्र आला नव्हता. रेइनो साल्मेला, उर्हो आणि आयलीचा एकुलता एक.

उर्हो वारला त्याच्या पुढच्या वर्षी रेइनोने सरकारी जंगलातली देवदाराची झाडं तोडून विकली. पकडायला आले तर हा गाडी घालून चौकीचा अडसर मोडून पळाला. गाडीत शिकारीची बंदूक होती, म्हणून कागदावर "सशस्त्र, धोकादायक" असा शिक्का बसला. तो तळ्यातळ्यांतून होडी वल्हवत कॅनडात गेला. कागद मार्लिसच्या टेबलावर आले तेव्हा आडनाव वाचून तिने फाइल मिटली आणि पुन्हा उघडली.

तरी ती गेली. आयलीबाईंनी दार उघडलं, बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली नाही. पुढच्या वर्षी गेली, तेच. तिसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी, तेच. पाचव्या वर्षी आयलीबाईंनी किटली उचलली, तिच्यापुढचा कप भरला आणि म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला नेलंस तसं माझ्या पोराला न्यायचं नाही."

"नाही नेणार," मार्लिस म्हणाली. "कपडे घालून, बूट घालून, आपल्या पायांनी येईल. दार कुणी मोडणार नाही. शब्द देते."

"तुझा शब्द म्हणजे सरकारचा का?"

"नाही. माझाच."

त्याला चौदा वर्षं झाली. शब्द तिचा होता, म्हणजे तिच्याबरोबरच तो एकतीस तारखेला निवृत्त होणार होता. तिच्या जागी येणारा रँडल प्रुइट टेक्ससहून आला होता. माणूस सरळ, पण "धोकादायक" हा शिक्का दिसला की आठ माणसं आणि दार फोडायचा ओंडका मागवणारा. मार्लिसला निवृत्तीचं दुःख नव्हतं. आपल्या मागे आयलीबाईंचं दार मोडलं जाईल, हे तेवढं तिला खात होतं.

गुरुवारी सकाळी अकराला फोन वाजला.

"मार्लिस? आयली. सौना तापवायला घेतलाय आज."

"आज गुरुवार आहे, आयलीबाई."

"कॅलेंडर आहे माझ्याकडे," आयलीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

प्रुइट समोरच बसला होता. मार्लिस कोट चढवू लागली तेव्हा त्याने विचारलं, "काय झालं?"

"रेइनो साल्मेला घरी आलाय."

"तिने सांगितलं?"

"सौना तापवलाय म्हणाली."

"म्हातारी आंघोळ करतेय, मॅडम. त्यात काय?"

"शहाऐंशी वर्षांची एकटी बाई गुरुवारी सौनासाठी लाकडं जाळेल? आमच्याकडे शनिवार सोडून सौना तापतो तो फक्त लांबून कुणी घरी आलं तर."

प्रुइटने ते तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्याने आठ माणसं काढली. मार्लिसने ती लेहतोच्या अलीकडच्या तिठ्यावर, दुकानापाशी, थांबवली. "अजून पाच दिवस मी प्रमुख आहे," ती म्हणाली. "सहाव्या दिवशी तुम्हाला काय मोडायचं ते मोडा." पुढे दोघंच गेली.

अंगणाच्या टोकाला धूर सरळ वर चढत होता. स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर बंदूक ठेवलेली होती, रिकामी, आणि शेजारी ओळीने पाच गोळ्या. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेलदोड्याचा गोड पाव कापून ठेवला होता. आयलीबाई प्रुइटकडे बघून म्हणाल्या, "हा तुझ्यानंतरचा?"

"हो."

"थंडी वाजतेय त्याला. पातळ कोट आहे. बस रे बाबा, खा."

मार्लिस एकटी सौनाच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. बाक तेच होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यावर बसायला हवं होतं, ती आज बसली.

"रेइनो," तिने हाक मारली, "मार्लिस हाउताला आहे. घाई नाही."

आत दगडांवर पाणी पडलं, चर्र झालं. मग आवाज आला, "कितीजण आणलेत?"

"इथे एक. तो पाव खातोय."

"एकोणीस वर्षं कॅनडात होतो," आतून आवाज आला. "त्यांचे सौने विजेवर चालतात. त्याला काय सौना म्हणायचं? आईने निरोप धाडला, ती बाई एकतीसला जातेय, तिच्यामागून दार फोडणारे येतील, यायचं तर आत्ता ये."

अर्ध्या तासाने तो बाहेर आला. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला, बुटांच्या नाड्या बांधलेल्या. पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेले. पकडायला आलेल्या बाईशी त्याने हस्तांदोलन केलं आणि दोघं घरात येऊन कॉफी प्यायली. मार्लिसला वाटलं, झालं, सुटले. तेवढ्यात आयलीबाईंनी दोन टॉवेल काढले.

"दगड अजून तापलेत," त्या म्हणाल्या. "आता बायकांचा नंबर."

प्रुइटचा पाव हातातच राहिला. "मॅडम," तो म्हणाला, "नाही ना?"

मार्लिसला जे कळलं ते त्यालाही कळलं होतं. एकोणीस वर्षांचा फरारी माणूस अंगणात, त्याची गाडी दारात, तळं हाकेच्या अंतरावर, आणि विभागाची प्रमुख अंगावर टॉवेल घेऊन वाफेत! तो निसटला असता तर एकतीस वर्षांच्या नोकरीचं सोनं होता होता राख झाली असती. पेन्शन राहिली असती एखादवेळी, तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

तिने रेइनोकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. आयलीबाई टॉवेल पुढे धरून उभ्या होत्या. हा टॉवेल पुन्हा कुणी पुढे करणार नाही, हे मार्लिसला कळत होतं.

तिने कमरेचं पिस्तूल काढून प्रुइटच्या हाती दिलं. "अर्धा तास," ती म्हणाली.

"पुस्तकात हे कुठे बसतं?"

"पान चाळीस. थांबता येत असेल तर थांबा. मीच लिहिलंय."

सौनाच्या बाहेरच्या खोलीत तिने कपडे काढले, बिल्ला खिळ्याला अडकवला आणि आत गेली. आत अंधार, धुराचा आणि भूर्जाच्या पानांचा वास. आयलीबाईंनी दगडांवर पाणी टाकलं. मग वरच्या फळीवर हात ठेवून म्हणाल्या, "उर्हो इथे बसायचा."

"माझं चुकलं, आयलीबाई," मार्लिस म्हणाली. "मला रीत माहीत होती. मी थांबायला हवं होतं. ते दोघे हसतील म्हणून मी घाबरले." अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य तिने मनात कितीतरी वेळा जुळवलं होतं, पण तोंडातून येताना ते एवढंच आलं, आणि तिला रडू फुटलं. वाफेत रडण्याची सोय बरी असते, पण आयलीबाईंना कळायचं ते कळलंच.

बाहेर गाडी सुरू झाली.

मार्लिस ताडकन उठली. इंजिन घरघरलं, चाकांखाली खडी वाजली. दार दोन पावलांवर होतं. अशाच घाईने एकदा तिने हेच दार उघडलं होतं.

"बस," आयलीबाई म्हणाल्या. "आणि पाठ कर इकडे."

आवाज हळूहळू दूर गेला. ती बसली. पाठ वळवली. आयलीबाईंनी बादलीत साबण विरघळवला, राठ हातांनी तिची पाठ मानेपासून कमरेपर्यंत घासली आणि वरून कोमट पाणी ओतलं. पाठ घासायची ती घरच्या माणसाची. तिची आई गेल्यापासून तिच्या पाठीला कुणा बाईचा हात लागला नव्हता.

ओल्या केसांवर टोपी दाबून मार्लिस बाहेर आली तेव्हा अंगणात सरकारी गाडी नव्हती. मग घरामागून ठक् ठक् आवाज आला. गाडी तिथे होती, लाकडांच्या शेडला टेकवलेली, मागचं दार उघडं. रेइनो आईच्या हिवाळ्यासाठी लाकडं फोडत होता, आणि दार फोडायला ओंडका मागवणारा रँडल प्रुइट ती फोडलेली लाकडं गाडीत भरून शेडपर्यंत नेऊन रचत होता. कोट काढलेला, घाम आलेला. आणि फरारी, धोकादायक माणसाच्या हातात हातभर कुऱ्हाड!

"प्रुइट," मार्लिस म्हणाली, "हे पुस्तकात कुठे बसतं?"

"तो म्हणाला, आईकडे लाकडं कमी आहेत," प्रुइट म्हणाला. त्याचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला होता. "नुसतं उभं राहून काय करणार? थंडी वाजत होती."

रेइनोने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली, आईला मिठी मारली आणि गाडीत मागे जाऊन बसला. बेड्या कुणी घातल्याच नाहीत. तिठ्यावरची आठ माणसं दुकानातले डोनट खाऊन सुस्तावली होती. निम्म्या रस्त्यात मार्लिसने सवयीने कमरेला हात लावला आणि तिच्या ध्यानात आलं की बिल्ला खिळ्यावरच राहिलाय. पण न्यायाधीश पाचपर्यंतच बसणार होते, म्हणून ती परत फिरली नाही.

पोराजवळ राहता यावं म्हणून आयलीबाई शुक्रवारी डुलुथला बहिणीकडे आल्या, त्यामुळे मार्लिसने बिल्ल्यासाठी केलेला फोन त्यांच्या घरी नुसताच वाजत राहिला. रेइनोने गुन्हा कबूल केला आणि सोमवारीच न्यायाधीशांनी त्याला आठ महिन्यांची कैद दिली. आपणहून आला, असं त्यांनी निकालात लिहिलं. आयलीबाईंना ते वाक्य मार्लिसने कोर्टाच्या व्हरांड्यात दोनदा वाचून दाखवलं. बिल्ल्याची गोष्ट त्या वेळी काढावी, असं तिला वाटलं नाही.

मंगळवारी निरोप समारंभ झाला. आमच्याकडची पद्धत अशी की निरोपाला कौतुक करत नाहीत, जिरवतात. प्रुइटने भाषणात सौनाची हकिकत सांगितली, कुऱ्हाडीचा भाग गाळून. न्यायाधीशाने पत्त्यांचा सूड काढला. शेवटी अक्रोडाच्या लाकडाची पाटी आणली. त्यावर निवृत्त माणसाचा बिल्ला बसवून त्याला देतात. पाटीवर नाव होतं, तारखा होत्या, आणि मधोमध चार रिकामी भोकं.

"बिल्ला?" प्रुइटने हळूच विचारलं. "मॅडम, हरवला असेल तर अर्ज भरावा लागेल."

"हरवलेला नाही," मार्लिस म्हणाली. "कुठे आहे मला माहीत आहे."

केक कापायच्या वेळी फोन आला. गॉर्डीने तो तिच्या हातात दिला.

"मी घरी आले," आयलीबाई म्हणाल्या. "तुझं ते पितळ इथे माझ्या टॉवेलाच्या खिळ्यावर आहे. मला टॉवेल अडकवता येत नाही."

"आत्ता कुणाला तरी पाठवते."

"कुणाला पाठवू नकोस. शनिवारी ये. शेजारच्या बायकाही आहेत. नवऱ्याला आण, पुरुषांचा नंबर पाचला. आणि येताना टॉवेल तुमचे तुम्ही आणा, माझ्याकडे एवढे नाहीत."

फोन ठेवल्यावर मार्लिस रिकामी पाटी छातीशी धरून तशीच उभी राहिली. गॉर्डी घाबरला. "काय गं? कुणी गेलं का?"

"नाही," ती म्हणाली. "या शनिवारी आपला सौना तापवू नकोस."